तीन बटणांचा कोट

कोटाचं माप द्यायला गेलात, तर रेळेकरकाका आधी तुम्हाला सायकलवर बसवतात. डीमन या डच गावातल्या त्यांच्या दुकानात, आरशासमोर, स्टँडवर लावलेली एक जुनी डच सायकल आहे. "बसा. हँडल धरा. आता तुमचे खांदे खरं बोलतील," म्हणत ते पाठीवर टेप टाकतात. या देशात माणूस उभा असतोच कधी, असा त्यांचा सवाल.

दुकान घरचंच. काका कापतात, मुलगी केतकी मशीनवर शिवते, सुमनकाकू बटणं लावतात. कापड एकच, हातमागावरचं ट्वीड. जाड, खरखरीत लोकर, थेट स्कॉटलंडहून येते. काका सोलापूरचे, मागाच्या खडखडाटात वाढलेले. कापड नुसतं चिमटीत धरलं तरी ओरडतात, "अहो, माणसानं विणलंय, माणसासारखं वागवा!"

मला गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नागरिकत्वाच्या समारंभाला जायचं होतं. आयुष्यात एकदा झकास कोट घालावा म्हणून ऑर्डर दिली, आणि तिथून माझं डोकं चालेनासं झालं. पहिल्या ट्रायलला तीन बटणांच्या जागी पाच. दुसऱ्या खेपेला काजं आणि बटणं एकाच बाजूला, म्हणजे कोट बंद व्हायचा कसा? तिसऱ्या वेळी तर बटणंच नाहीत, नुसते तुटके दोरे. दर वेळी काका कपाळावर हात मारून म्हणायचे, "चूक माझीच हो! लक्ष कुठं असतं कोण जाणे." केतकीला विचारलं तर ती मान खाली घालून म्हणे, "बाबांनाच विचारा ना, प्लीज."

"काकांचं वय झालंय," बायको म्हणाली, "तू सरळ रेडीमेड घे." मीही ऑफिसात काकांच्या वेंधळेपणाचे किस्से रंगवून सांगितले. आता त्याची लाज वाटते.

समारंभाच्या दिवशी सकाळी मी ठरल्या वेळेच्या आधीच दुकानात पोचलो. काकू माझ्या कोटाला शेवटचं बटण लावत होत्या, खडूच्या खुणेच्या चांगलं दीड इंच खाली. काका शेजारी बसून बघत होते. "वा, पक्कं बसलं!" ते म्हणाले. काकू चहा टाकायला आत गेल्या, तशी काकांनी उसवायला ब्लेड उचललं. तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

"चूक माझी..." एवढं म्हणून ते थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "हल्ली तिच्या लक्षात राहत नाही. या दुकानातलं प्रत्येक बटण तिनं लावलंय. ते काम काढून घेतलं, तर सकाळी उठून तिनं तयार कशासाठी व्हायचं?"

तीन आठवडे मी भलत्याच माणसाला हसत होतो.

"उसवू नका काका, असाच घालतो," मी म्हणालो आणि कोट चढवून बटणं लावली. एक पल्ला वर, एक खाली. काकू चहा घेऊन आल्या.

"नीट बसला का रे?"

"एकदम झकास, काकू."

काकूंनी माझी कॉलर सारखी केली. "मग सांग यांना. रोज माझी बटणं उसवतात. यांना वाटतं, मला कळत नाही."

काका जमिनीवरच्या टाचण्या वेचायला वाकले, ते बराच वेळ वर आलेच नाहीत.