आसामचा पाळणा

तिसरीच्या वर्गात तनुजाबाई पोरांकडून घरची अंगाईगीतं म्हणवून घेत होत्या आणि खिडकीबाहेर संस्थेचे अध्यक्ष श्रीमंतराव ते ऐकत उभे होते. वर्गात स्टुलावर मलिकाची दादी बसली होती. बांगड्यांची टोपली पायाशी ठेवून ती हातवारे करत गात होती आणि पोरं तिच्यामागून ओरडत होती:

"सो जा बाला, सो जा रे, नीम पो बैठा तोता,
अम्मा तेरी प्याज काटे, अब्बा बैठ के रोता!"

पुढच्या कडव्यात अमदपूरच्या, म्हणजे इथल्याच अहमदपूरच्या, बाजारातून मामू खुळखुळा घेऊन येतो. तिथपर्यंत मामू पोचला आणि श्रीमंतराव आत आले.

"बाई, हे काय करून राहिलात तुमी?"

"अण्णा, वरून पत्र आलंय न्हाई का? गाण्या-कवितांतून पोरांना निरनिराळ्या लोकांची संस्कृती शिकवा म्हणून. मी प्रत्येकाला घरचं एक गाणं आणायला सांगितलं. मलिकाचं हे, नागम्माचं कानडी..."

"घरचं?" श्रीमंतरावांनी तोंड वाकडं केलं. "घरात कुठं संस्कृती असती का? संस्कृती लांबची पाहिजे. आसाम, पंजाब, बंगाल! हे तर आपल्या गल्लीतलं हाय. हे मला रोज बसल्या जागी ऐकू येतं." मग ते दादीकडे वळले. "आजी, तुमी बांगड्या भरा जाऊन. पोरांचं नुकसान नका करू."

"बराबर है मालिक," दादी म्हणाली आणि टोपली उचलून निघाली. मालिक म्हणताना ती हसली की काय, अशी शंका तनुजाबाईंना आली.

श्रीमंतरावांना लांबच्या गोष्टींचा भारी सोस. भूकंप झाला तेव्हा तिकडे किल्लारीला गावं मातीत गेली, इकडे यांच्या शाळेच्या एका भिंतीला तडा गेला. एवढ्या तड्यावर त्यांनी लांबलांबच्या पाहुण्यांकडून पत्र्याच्या खोल्या मिळवल्या. तो तडा अजून बुजवला नव्हता. पाहुणा आला की आधी हार, मग चहा, मग तडा. गवंड्यानं एकदा चुकून तिथं सिमेंट लावलं तर त्याला काय शिव्या घातल्या म्हणता! असल्या माणसाच्या हातात तनुजाबाईंची नोकरी होती, आणि ती अजून कच्ची होती.

"या उपक्रमात पहिला नंबर आला तर तुमाला कायम करतो," श्रीमंतराव म्हणाले. "न्हाई आला तर जूनपासून आदिनाथ सरांची मेव्हणी हाय बसलेली."

आदिनाथ सर म्हणजे नवं प्रस्थ. त्या काळी लातूरहून येणाऱ्या एसटीतून पिशव्या-गाठोडी उतरायची आणि एखादा क्लासवाला उतरायचा. आदिनाथ सर लातूरला एका मोठ्या क्लासमध्ये होते म्हणे. काय होते, ते कुणी विचारलं नाही. शिपाई असते तरी अहमदपूरनं त्यांना डोक्यावर घेतलं असतं.

श्रीमंतरावांनी त्यांनाच बोलावलं. सरांनी खडू हातात घेऊन एका दमात सांगून टाकलं, "गाणी म्हणण्यात वेळ वाया जातो. गाण्याला मार्क न्हाईत, प्रश्नाला हायत. आपण पाळण्याचे प्रश्न काढू. चार पर्याय, एक बरोबर. रविवारी टेस्ट."

"पण सर, पोरांना पाळणा यायला नको का?" तनुजाबाईंनी विचारलं.

"बाई, पोरांना पाळणा कशाला यायला पाहिजे? उत्तर आलं म्हणजे झालं!"

आता बोला! झालं, शाळेत पाळण्याचा क्लास सुरू झाला. आसामच्या पाळण्यात कोणत्या झाडाचा उल्लेख येतो, पंजाबची आई बाळाला कोणत्या फुलाची उपमा देते. ही झाडं, ही फुलं सरांनी कुठून आणली देव जाणे. आसामचा एक सूर तरी त्यांच्या कानावरून गेला होता की नाही, शंकाच आहे. पण पालक असे खूश की विचारू नका. फाटकापाशी आया एकमेकींना सांगायच्या, "आमचं पोरगं गणितात बरं हाय, पाळण्यात जरा कच्चं हाय." एकीनं तर पाळण्याची जादा शिकवणी लावली. मलिका हुशार. दर रविवारी पाळण्यात पहिली यायची, आणि घरी येऊन दादीला म्हणायची, "दादी, तुम गाओ मत. मेरे को गडबड होती."

उपक्रमाच्या तपासणीचा दिवस उजाडला. मलिकाला आसाम केलं होतं, कारण श्रीमंतरावांच्या बायकोची, चतुराबाईंची, जुनी रेशमी साडी फाटून तिच्या मापाची झाली होती. नागम्माला पंजाब केलं होतं, कारण तिच्याकडे घागरा होता. पंजाबात घागरा घालतात का, हे विचारायला कुणाला सवड होती!

तपासणीचे साहेब सकाळी येणार होते. पण श्रीमंतरावांनी त्यांना आधी घरी नेलं आणि जेवायला बसवलं. पुरणपोळ्या, वर तूप, कटाची आमटी. "साहेब, आणखी एक. आणखी एक, माझ्यासाठी." साहेब शाळेत पोचले ते भर दुपारी, पत्रे तापलेले असताना, आणि खुर्चीत बसले ते पसरूनच बसले.

"हं," ते मलिकाला म्हणाले, "बाळ, आसामात लेकराला झोपवताना काय म्हणतात?"

"साहेब, पर्याय सांगा."

"कसले पर्याय?"

"पर्याय न्हाईत तर प्रश्न रद्द होतो, साहेब. मग सगळ्यांना मार्क मिळतात."

साहेबांनी श्रीमंतरावांकडे पाहिलं. श्रीमंतरावांनी आदिनाथ सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. साहेबांनी मग पहिल्या ओळीतल्या एका पोराला विचारलं, "बरं तू सांग. तुझी आई तुला झोपवताना काय म्हणते?"

"मुकाट्यानं झोप, उद्या टेस्ट हाय म्हणते."

साहेबांचा आवाज चढला. "अहो अध्यक्ष, ही काय चेष्टा चालवली आहे? मला गाणं ऐकायचं आहे, गाणं! ए मुली, तू आसाम ना? म्हण आसामचा पाळणा. आत्ताच्या आत्ता!"

जून तनुजाबाईंच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आदिनाथ सरांच्या मेव्हणीसकट. मलिकाला आसामची सगळी उत्तरं येत होती, पाळणा मात्र एकच येत होता. तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं: "सो जा बाला, सो जा रे..."

श्रीमंतरावांनी दात खाल्ले. पण दुसऱ्या कडव्याला साहेबांची मान कलली. मामू अमदपूरच्या बाजारात पोचला तेव्हा साहेबांची हनुवटी छातीला टेकली होती. मलिका थांबली. साहेबांनी लगेच डोळे किलकिले केले आणि म्हणाले, "मग प्रश्न असा आहे..."

"म्हण! म्हण!" श्रीमंतराव दबक्या आवाजात ओरडले. "थांबू नको!"

मलिकाचं संपलं की नागम्मा तिच्या कानडी आजीचं 'जो जो कंदा' धरी, तिचं संपलं की सगळा वर्ग पुन्हा तोता आणि कांदा. ज्या माणसानं हीच गाणी वर्गाबाहेर काढली होती, तोच आता दाराशी उभा राहून दोन्ही हातांनी ताल देत होता. शाळा सुटल्याची घंटा झाली तेव्हाच साहेब दचकून उठले. झोपलो होतो असं कोण कबूल करणार? त्यांनी पेन काढलं आणि ऐटीत शेरा मारला: 'आसाम व पंजाब येथील गीते ऐकून मन तल्लीन झाले.'

शाळेचा पहिला नंबर आला.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण आदिनाथ सर कुठले गप्प बसतात! शेरा पक्का झाल्यावर त्यांनी नव्या टेस्टमध्ये प्रश्न घातला: 'सो जा बाला हा पाळणा कोठला?' उत्तर, पर्याय अ, आसाम. सगळ्या वर्गानं अ लिहिलं. मलिकानं चारही पर्याय खोडले आणि खाली लिहिलं, 'आमच्या दादीचा.'

तनुजाबाईंनी तिला मार्क दिला. नेमकं सरांनी ते पाहिलं आणि पेपर घेऊन तडक श्रीमंतरावांकडे गेले.

"बाई, चुकीच्या उत्तराला मार्क?" श्रीमंतराव कडाडले. "साहेबांनी आसाम लिवलंय! हे दादीचं निघालं तर पहिला नंबर गेला, अन् तुमची कायम करायची ऑर्डरबी गेली!"

"पण अण्णा, गाण्यात अमदपूरचा बाजार हाय की."

"आसामात नसंल का एखादं अमदपूर?" आदिनाथ सर म्हणाले.

तनुजाबाई घाबरल्या. घाबरलेला माणूस काय वाटेल ते बोलतो. त्या बोलून गेल्या, "दोन्ही उत्तरं बरोबर हायत, अण्णा. मलिकाची दादी... दादी मूळची आसामचीच हाय."

श्रीमंतरावांचा चेहरा असा उजळला! "मग आधी न्हाई का सांगायचं? आसामची बाई आपल्या गावात, अन् आपल्याला पत्ता न्हाई! सत्कार करू तिचा. त्याच स्टेजवर तुमची ऑर्डर देतो."

संध्याकाळी तनुजाबाई दादीच्या दारात उभ्या होत्या, मान खाली घालून. सगळं ऐकून दादीनं विचारलं, "आसाम किधर है बाई? हदगाव के आगे?"

"लई आगे, दादी."

"मैं तो नायगाव के आगे गई नहीं." दादी बांगड्या पुसत राहिली. "उस दिन मेरे को वर्ग के बाहर निकाले. आज शाल देतैं?"

"तुमी खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल, दादी. पण खोटं बोला असं कोणत्या तोंडानं सांगू?" तनुजाबाईंना रडू फुटलं.

"देखेंगे," दादी एवढंच म्हणाली.

सत्काराला अख्खी गल्ली लोटली. "दूर आसामहून आलेल्या आपल्या पाहुण्या!" श्रीमंतराव माईकवर गरजले आणि दादी स्टेजवर चढली. पहिल्या ओळीत चतुराबाई ताडकन उठल्या. "अवं, ही तर आपली मनियारीण! परवाच हिनं मला बांगड्या भरल्या की!"

"गप बस!" श्रीमंतराव माईकवर हात ठेवून फिसकारले. "आपल्या नातवानंबी आसामच लिवलंय. मार्क जाईल त्याचा!"

चतुराबाई बसल्या. मांडवातल्या प्रत्येक बाईच्या हातात दादीनंच भरलेल्या बांगड्या होत्या. पण प्रत्येकीच्या पोरानं अ लिहिलं होतं, म्हणून प्रत्येकीनं टाळ्या वाजवल्या. बांगड्यांचाच आवाज जास्त झाला.

दादीच्या अंगावर शाल पडली. तिनं माईक हातात घेतला, आधी श्रीमंतरावांकडे बघितलं, मग कोपऱ्यात पदर चावत उभ्या असलेल्या तनुजाबाईंकडे.

"आसाम में सब खैरियत है," दादी म्हणाली. "सब लोगां तुमना सलाम बोले."

"आमचाबी सांगा!" श्रीमंतराव हात जोडून म्हणाले. मग त्यांनी खिशातली ऑर्डर काढून तनुजाबाईंच्या हातात दिली आणि जाहीर केलं, "आता पुढच्या वर्षी पंजाबहून पाहुणे आणणार!"

तिसऱ्या ओळीत नागम्माची उदगीरची आजी पदर सावरून ताठ बसली.