उलट्या प्रश्नचिन्हाची कार्यपद्धती

प्रश्न अचानक समोर आला की उत्तर देणाऱ्याची प्रकृती बिघडते, हे सर्वमान्य आहे. तरीही आपल्याकडे प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी देतात, म्हणजे अपघात झाल्यावर फलक लावतात.

ही उणीव पाण्याचे पंप परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीने दूर केली. तिथली स्पॅनिश पत्रं बघायला एक बाई होत्या. सगळे त्यांना स्पॅनिशबाईच म्हणत. कंपनीच्या टाइपरायटरवर त्या भाषेतल्या अक्षरांवरच्या तिरप्या रेघा उमटत नसत, त्या रेघा बाई पेनाने देत. त्यांची जागाच मुळी ‘रेघा देणे (हंगामी)’ अशी मंजूर होती. हा हंगाम बरीच वर्षं चालू होता. हंगामी माणसाला रजा मिळत नाही आणि बाईंच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर आलं होतं.

“कायम करण्याचं आज तरी विचारलंस का?” घरी सासूबाई रोज विचारत. “की साहेबांना बघून पुन्हा दातखीळ बसली?”

बाई विचारायला गेल्या, तेव्हा साहेब एका पत्रावर बोट ठेवून बसले होते. “बाई, हे प्रश्नचिन्ह पालथं पडलंय.”

“नाही साहेब. त्यांच्यात प्रश्नाच्या आधी उलटं चिन्ह देतात आणि शेवटी सुलटं. वाचणाऱ्याला आधीच कळावं, पुढे प्रश्न आहे म्हणून.”

साहेबांचे डोळे पाणावले. “केवढी ही माणुसकी!”

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं. प्रत्येकाला उलट्या प्रश्नचिन्हाचा एक लाल पुठ्ठा मिळाला. प्रश्न विचारण्यापूर्वी तो छातीशी धरून उभं राहायचं आणि समोरच्याची तयारी होईपर्यंत थांबायचं. (त्या भाषेत उद्गारासाठीही उलटी खूण आहे. पण कचेरीत आश्चर्य वाटण्यासारखं काही शिल्लक नसल्याने तेवढे पुठ्ठे वाचवण्यात आले.)

यश डोळे दिपवणारं होतं. पुठ्ठा दिसताच कॅशियरना हात धुवायचे असत, हेडक्लार्कना खोकला येई आणि स्टोअरकीपर जागेवरच नसत. महिन्याभरात प्रश्नांत ब्याण्णव टक्के घट झाली. उरलेले आठ टक्के चहासंबंधी होते आणि ते पोऱ्याला पुठ्ठ्याशिवाय विचारण्याची सवलत होती.

बाई पुठ्ठा घेऊन केबिनपाशी उभ्या राहिल्या. साहेबांनी कौतुकाने पाहिलं. “वा! कसा सरळ धरलाय!” एवढं म्हणून ते मागच्या दाराने मीटिंगला गेले. असं चारदा झालं. पाचव्यांदा बाई रिकाम्या हाताने आत शिरल्या.

“साहेब, मला कायम कधी करताय?”

साहेब दुखावले. “बाई, आधी खूण?”

“ती दाखवली की तुम्ही उठून जाता.”

“तो तयारीचा वेळ असतो.” त्यांनी हेडक्लार्कना बोलावलं. हेडक्लार्कनी नियम पाहिला. सुरुवातीची खूण नसलेला प्रश्न हे विधान ठरतं आणि विधानाला उत्तर देण्याची तरतूद नाही. बाईंचं विधान आभारासह नोंदवण्यात आलं.

“मग विधानच करते,” बाई म्हणाल्या. “ऑपरेशनला मी जाणार.” त्यांनी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि जाताना आपला पुठ्ठा केबिनच्या दाराला बाहेरून चिकटवून टाकला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दारावरची खूण पाहून थबकले, घड्याळाकडे बघितलं आणि दौऱ्यावर गेले. आठवडाभर ते रोज दारापर्यंत येत आणि रोज दौऱ्यावर जात. आठवड्यात नकार आला नाही तर अर्ज मंजूर समजावा, असा जुना नियम होता. आईचा डोळा नीट झाला. बाई परत येऊन रेघा देऊ लागल्या, अर्थात हंगामी. कंपनीचं काम साहेबांवाचून कुठेही अडलं नाही, ते कसं, हे विचारायला कुणी पुठ्ठा उचलला नाही.

नियमाप्रमाणे या मजकुराच्या डोक्यावरही उलटी खूण छापायला हवी होती. मुद्दामच छापली नाही, नाहीतर तुम्हालाही नेमका तेव्हाच फोन आला असता. आता शेवटपर्यंत आलाच आहात, तर सांगा: तुमच्या दाराशी कोण केव्हाचं पुठ्ठा धरून उभं आहे?