मुंजाजीची मशीन तापते

आमच्या गल्लीतल्या मुंजाजीची भोंग्याची मशीन ऐन थंडीत तापते. लग्नात तापत नाही. सप्त्यात सात दिवस चालते, तेव्हाही तापत नाही. पुढारी बायकांबद्दल बोलायला लागला, की तापते.

हे गावात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्या आलं. मी चौथीपर्यंत शिकले, पण लक्ष ठेवायला शाळा लागत नाही. मी कोणावर चटकन विश्वास ठेवत नाही. नवऱ्यावरही ठेवला नाही, म्हणून संसार नीट झाला. दूधवाल्याचं माप मी अजून उलटं करून बघते.

मुंजाजी साठीचा, काडीसारखा माणूस. डोळे कायम मिटायला आलेले. जिंतूरकडच्या पाच-सहा गावांत कार्यक्रम असला की भोंगे त्याचे. मशीन म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी. ऑटोत ती सीटवर बसते आणि हा खाली, पाय ठेवायच्या जागी. तिला तो गोधडी पांघरतो आणि त्या गोधडीखाली स्वतःचा एक हात ठेवून बसतो. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. दोन भोंग्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. "धाकटीचा घसा बसलाय आज," असं गंभीर तोंडानं सांगतो. पुढारी बोलून उतरला की माईक ओल्या फडक्यानं पुसतो, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

माईक तपासताना लोक हॅलो हॅलो म्हणतात. हा म्हणतो, "ऐकू यायलंय का?" आणि उत्तराची वाट बघत थांबतो. भोंग्याला कोण उत्तर देणार? तरी थांबतो. मला हेही संशयाचं वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात पारावर एका पुढाऱ्याची सभा झाली. सोयाबीनवर बोलून झालं आणि गडी रंगात आला. "एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, तवापासून घरात भाकरी थापायला कोणी राहिलं न्हाई! सकाळी माहेरी, दुपारी बाजारात. आता नवऱ्यांनी काय करावं, तर…"

भोंगा बंद. गडी माणसं तोवर हसून मोकळी झाली होती. मुंजाजी उठून हात जोडून उभा राहिला. "मशीन तापली, साहेब. धा मिनिटं."

नवऱ्यांनी काय करावं ते राहूनच गेलं. पण पुढं बसलेले मोबाईलवर सगळं टिपत होते. दुसऱ्या दिवशी ते अर्धं वाक्य घरोघर पोचलं. संध्याकाळी टीव्हीवर पुढारी म्हणाला, माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला. हा शब्द आमच्या चौथीच्या पुस्तकात नव्हता. मी अर्थ लावला तो असा: बोललो मी, चूक ऐकणाराची.

पुढाऱ्याची माणसं म्हणाली, मुंजाजी दुसऱ्या पक्षाला सामील आहे. मलाही तसंच वाटलं.

चार दिवसांनी त्याच पारावर दुसऱ्या पक्षाचं आंदोलन झालं. पुढाऱ्याच्या फोटोला चपला मारायच्या होत्या. चपला कोऱ्या होत्या, मी तळ बघितले. भोंगे मुंजाजीचेच, म्हणून मी मुद्दाम त्याला खेटून बसले. परभणीहून आलेल्या ताई चांगलं बोलल्या. मग त्यांनी हिरव्या बांगड्यांचा डबा वर धरला. "ह्या आम्ही त्याला पाठवणार! भर म्हणावं बांगड्या आणि बस घरात!"

बायांनी टाळ्या पिटल्या. मीही हात उचलले, तर माझ्याच बांगड्या वाजल्या आणि हात तिथंच राहिले. ह्या बांगड्यांनिशी मी कापूस वेचला, सोयाबीन काढलं, दोन सुनांची बाळंतपणं केली. बांगड्या भरलेलं माणूस घरात बसून असतं, हे ताईंना कोणी सांगितलं?

"अशा बायकी माणसाला…" ताई पुढं म्हणाल्या आणि भोंगा बंद.

"मशीन तापली, ताई."

मी त्याच्याआधी गोधडीत हात घातला. मशीन रांजणासारखी थंड होती. मुंजाजीनं माझ्याकडं पाहिलं. मी हात काढून पदराखाली घेतला. पण माझा हात गोधडीत गेलेला चार जणांनी पाहिला.

आता दोन्ही पक्ष सरपंचाकडं गेले. दोघांची तक्रार एकच. सरपंचानं मुंजाजीला आणि मला बोलावलं. "मुंजाभाऊ, मशीन बिघडली असंल तर ग्रामपंचायत नीट करून देईल. मुद्दाम बंद करायलास, तर आजपासून गावात तुझा भोंगा न्हाई. मानवतहून डीजे आणू." मग माझ्याकडं वळला. "सुंदरआक्का, तुमी हात लावला म्हणं. तुमी खोटं बोलत न्हाईत, हे गावाला ठावं हाय. तापली होती का?"

भोंगा गेला तर मुंजाजीजवळ दुसरं काही नव्हतं, ना रान ना नोकरी. मुंजाजी खाली बघत होता.

"एकदा हात लावून काय कळतंय?" मी म्हणाले. "शुक्रवारी आमच्या बचत गटाची बैठक हाय. तिथं मशीन लावा. परत बघते, मग सांगते."

मला आधी हा माणूस कोणाचा आहे ते काढायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं, गयानं, चहा दिला आणि ती मागच्या दारी निघून गेली. गया ना हळदीकुंकवाला येते, ना सभेला. मी तिला गर्विष्ठ समजत होते.

"कोणत्या पक्षाचा हायस तू?" मी सरळ विचारलं.

त्यानं कप बशीत फिरवला. "आक्का, मशीन नवी आणली तवाची सभा आठवती का? पहिलीच."

आठवत होती. तीस वर्षं झाली असतील. तेव्हाचा पुढारी बोलता बोलता म्हणाला होता, पेरून उगवत नाही ते रान आणि कूस उजवत नाही ती बाई, ठेवायची कशाला? गयाला मूल नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सगळे माना वळवून तिच्याकडं बघून हसले.

"नवं लुगडं नेसून आलती," मुंजाजी म्हणाला. "माझी मशीन ऐकायला. ते माझ्याच थोरलीतून गेलं, आक्का. पार शिवारापर्यंत. बटण हाताखाली होतं, दाबायचं सुचलं न्हाई. तवापासून हात तिथंच ठिवलाय."

मी कप खाली ठेवला. त्या सभेत गया माझ्या शेजारी बसली होती. मी हसले होते. सगळे हसले म्हणून हसले असं म्हणता येईल, पण चांगली मोठ्यानं हसले होते.

निघताना मागच्या दारी जाऊन म्हणाले, "गया, शुक्रवारी ये. मला बोलायचंय."

"बघते," ती म्हणाली. माझा काही विश्वास बसला नाही.

शुक्रवारी समाजमंदिरात बाया जमल्या. सरपंच खुर्ची टाकून बसला. मुंजाजीनं माईक हातात घेतला. "ऐकू यायलंय का?" आणि सवयीनं थांबला.

"यायलंय," दारातून आवाज आला. चपलांजवळ गया बसली होती.

मुंजाजीचा हात कुठल्या तरी भलत्याच बटणावर पडला. थोरली आणि धाकटी दोघी एकदम किंचाळल्या. बायांनी कान झाकले. मग मी माईक घेतला. जन्मात पहिल्यांदा.

"बायांनो, पुढारी वंगाळ बोलतो, खरं हाय. पण तो बोलला की हसतं कोण? तीस वर्षांमागं पारावरच्या सभेत मी गयाच्या शेजारी बसून…"

भोंगा बंद.

मी वळून पाहिलं. मुंजाजीचा हात गोधडीखाली होता आणि डोळे टक्क उघडे. तेव्हा मला कळलं. ती गोष्ट एकदा शिवारापर्यंत गेली होती. आता माझी माफी म्हणूनसुद्धा तिला परत पाठवायची नव्हती. मी माईक खाली ठेवला, दारापर्यंत गेले, गयाजवळ चपलांत बसले आणि राहिलेलं तिला एकटीला सांगितलं. ती काय म्हणाली ते इथं लिहीत नाही.

"सांगा आक्का," सरपंच ताटकळून म्हणाला. "तापली का न्हाई?"

मी उठले, सगळ्यांदेखत गोधडीत हात घातला. मशीन थंडगार होती. मुंजाजीचा हात तेवढा घामानं भिजला होता.

"लय तापली," मी म्हणाले.

"मग दुरुस्तीला लावू का?"

"नगं. जुनी मशीन हाय, तिला खोलू नका. बोलणारानंच जरा जपून बोलावं."