तलावातली समुद्रसुरक्षा

ज्या देशाला समुद्र आहे, त्या देशातल्या प्रत्येक पाण्याने समुद्राची थोडीफार जबाबदारी उचललीच पाहिजे. भंडारा जिल्हा आजवर यात मागे होता. जिल्ह्याला समुद्र नाही, हे कारण ऐकायला बरं वाटतं; पण कारणं सांगणाऱ्यांची प्रगती होत नसते.

म्हणून लघुनौका सुरक्षा कक्षाचं परिपत्रक आलं, तेव्हा साकोलीजवळच्या आमच्या गावात मी पहिला आनंदलो. मी निवृत्त मास्तर, आणि गावच्या नौका समितीचा सदस्य (सभा तीन, चहा नऊ वेळा). परिपत्रकानुसार प्रत्येक लहान नावेवर समुद्री नांगर हवा. हा लोखंडी नसतो. ही असते जाड कापडाची नरसाळ्यासारखी पिशवी. जिथे तळ लागत नाही अशा खोल दर्यात, वादळात ती दोराने पाण्यात सोडायची. ती पाणी धरून ठेवते आणि नावेचं तोंड लाटेकडे राहतं. काय डोकं आहे बघा!

आम्ही लगेच पाहणी केली. तलावाची खोली : छातीभर. डोंगे : अकरा. चाळीस वर्षांत आलेल्या लाटा : एक (भैय्यालालच्या म्हशी एकदम पाण्यात उतरल्या तेव्हा). म्हणजे धोका शून्य नाही, हे सिद्ध झालं.

हरकत आली ती ताराबाईची, आणि तीही तोंडी. ताराबाई तलावात शिंगाडा लावते आणि डोंग्यात बसून तोडते. शिंगाडा नेमका तोडणीला आला होता.

"गुरुजी, डोंगा उलटला तं मी उभी राहीन ना! याले नांगर कायले पायजे?"

नौका निरीक्षक जीवनबाबूंनी परिपत्रक दोनदा चाळलं. 'उभे राहणे' हा उपाय त्यात कुठेच नव्हता. डोंग्याला दोर बांधून कागदी सील लावण्यात आलं. नांगर जिल्ह्यातून येईपर्यंत डोंगा काठावर.

बाई जिद्दीची. दुसऱ्या दिवशी ट्रकच्या ट्यूबवर बसून निघाली. जीवनबाबूंनी काठावरून हाक मारली. जी वस्तू तरंगते आणि माणूस नेते ती नौकाच, सबब ट्यूबलाही स्वतंत्र नांगर लागेल. तिसऱ्या दिवशी ती तशीच पाण्यात शिरली. चालणाऱ्या बाईला नौका म्हणता येईना. जीवनबाबूंनी मार्गदर्शन मागवलं. तेवढ्यात अर्धी टोपली भरून तीच बाहेर आली. तळाच्या चिखलात मागच्या वर्षीचे शिंगाडे पडलेले असतात, काटे वर करून. दोन्ही तळपाय फुटले होते. (ही इजा लाटेने झालेली नसल्याने तक्त्यात घेतली नाही.)

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी तिला हळद दिली आणि म्हणालो, "बाई, थोडा दम धर. हे तुझ्याच जिवासाठी होऊन राहिलं आहे."

"मी धरतो दम. शिंगाडा धरते का, ते पाहा," ती म्हणाली.

नांगर एकोणिसाव्या दिवशी आला. चाचणीला लाट लागते, म्हणून भैय्यालालच्या म्हशींना पुन्हा पाचारण करण्यात आलं. नांगर पाण्यात पडताच शिंगाड्याच्या वेलींत असा रुतला की डोंगा तसूभर हलला नाही. टाळ्या झाल्या. सील तोडलं गेलं.

ताराबाई डोंगा घेऊन आत गेली आणि वेल उचलून उलटी केली. नुसती पानं. दुसरी उचलली, तिसरी उचलली. पिकलेला शिंगाडा वेलीवर राहत नाही. देठ सोडतो आणि तळाला जातो. वर्षाची मेहनत चिखलात बसली होती, काटे वर करून.

ती परत आली. मला वाटलं शिव्या देईल. नाही दिल्या.

"नांगर बहुत चांगला हाय, गुरुजी. डोंगा थांबला, मी बी थांबली. शिंगाडाच थांबला नाई."

मी अहवालावर सही केली. लाटेने मृत्यू : निरंक. नागरिकांच्या हरकती : निरंक. तोंडी हरकत धरत नाहीत. लेखी हरकतींसाठी नियमाचा मसुदा साकोलीच्या बसस्थानकावर मागच्या हंगामात पूर्ण तीस दिवस लावला होता. कायदेशीर, मराठीत, डोळ्यांच्या उंचीवर. त्याच्याच खाली ताराबाई उकडलेले शिंगाडे विकत बसायची. तिला वाचता येत नाही. मला येतं, मी दोनदा शिंगाडे घेतले आणि त्या कागदाला टेकून खाल्ले.

तुम्हालाही वाचता येतं, हे इथवर आलात यावरून दिसतंच. हसलाही असाल. त्या तीस दिवसांत तुम्ही कुठल्या तरी फलकासमोर उभे होतातच. मग तुमची बस लागली. तो 'निरंक' लिहिला मी, पण तो एकट्याने होत नाही.