कमूच्या पोटाखालचं लाकूड

बोटीबद्दल काहीही अडलं तर मला विचारावं. हे मी आजही म्हणतो, फक्त आवाज जरा खाली ठेवून. गेल्या दिवाळीपर्यंत खोडाळ्याच्या बाजारात, भर चहाच्या टपरीवर उभा राहून म्हणायचो. डोंगरातल्या माणसाला बोटीतलं काय कळणार, असं कोणी म्हटलं की मी बाही वर करून हातावरचे लाल रंगाचे डाग दाखवायचो. चौदा वर्षं, मंडळी! भात कापून झालं की मुंबईला जायचं आणि पेरणीच्या तोंडावर परत यायचं. तिथं हौशी लोकांच्या शिडाच्या बोटी पाण्यातून वर काढतात, त्यांच्या पोटाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडायच्या, फटी बुजवायच्या, लाल रंग मारायचा. पाचशे तरी बोटींची पोटं या हातांखालून गेली असतील.

आता खरं सांगायचं तर पोटंच गेली. बोटीच्या वर मी कधी बसलोच नाही. रंग वाळला की क्रेन यायची, बोट पाण्यात जायची आणि मी पुढच्या पोटाखाली सरकायचो. पण ही गोष्ट टपरीवर सांगायची नसते.

त्या बोटींमध्ये एक शीलाबाईंची होती. शीलाबाई म्हणजे कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेल्या, वय शहात्तर, आणि दर रविवारी एकट्या शीड लावून समुद्रात जाणाऱ्या. वीस फुटी लाकडी बोट, मागच्या बाजूला निळ्या अक्षरांत नाव लिहिलेलं, ‘कमू’. कमू म्हणजे बाईंची धाकटी बहीण, सातव्या वर्षी तापानं गेलेली. बाईंच्या हातात काठी आली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, माझे गुडघे गेले, धक्क्याच्या पायऱ्या आता उतरवत नाहीत, आणि कमूला भंगारात मी देणार नाही. तुझ्या गावाला धरणाचं पाणी आहे ना? मग तू ने.

मी हो म्हटलं. तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली.

“पाणी भरलं की मला बोलव. एकदा बसव मला तिच्यात. मग माझं काही मागणं नाही.”

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. घरी रखमीला फोन केला, कमूला घेऊन येतोय म्हणून, तर बायकोनं दोन दिवस फोनच उचलला नाही.

मे महिन्यात कमू ट्रकवर बसून घाट चढली. वळणावळणावर लोक थांबून बघत होते. आमच्या पाड्याखाली, जिथं धरणाचं पाणी चढतं त्या उतारावर आम्ही तिला वीस माणसांनी उतरवलं आणि दोन्ही अंगांना सागाचे टेकू लावून उभी केली. टेकू काढला की ती कुशीवर पडायची, कारण अशा बोटीला पोटाखाली पुढून मागपर्यंत जाड लाकडाचा कणा असतो आणि त्याच्या तळाला शिसं ठोकलेलं असतं. दर्यावरचे लोक त्याला कील म्हणतात. सगळा उन्हाळा मी तिच्यावर ओली गोणपाटं टाकली, लाकूड सुकू दिलं नाही. जव्हारहून रंग आणला, फटी भरल्या. रखमी म्हणायची, माझ्या घराच्या कुडाला तू कधी एवढ्या प्रेमानं हात लावला नाहीस. खरंच होतं ते.

पाऊस झाला, पाणी चढत चढत आलं, आणि एका सकाळी बघतो तर कमू टेकू सोडून पाण्यावर आपली आपण उभी! कुशीवर नाही, काही नाही, ताठ. मी इतका खूश झालो की ती ताठ का उभी आहे हा विचार मनात आलाच नाही. तो तेव्हा आला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि बरं झालं असतं.

अडचण दिसली ती दुसऱ्या दिवशी. आमचा काठ म्हणजे बुडालेली भातखाचरं, उतार अगदी मंद. आणि कमूला कंबरेच्या वर पाणी असल्याशिवाय तरंगता येत नव्हतं. काठाजवळ आणली की कील चिखलात रुतायची. म्हणजे बसायचं तर आधी पाण्यात कंबरभर चालत जायचं. पाड्यातल्या बायका हसायला लागल्या. नवरी मांडवात आली, पण पाटावर काही बसेना, असं म्हणायला लागल्या.

हसण्याचं मला काही नव्हतं. मला बाईंची काठी दिसत होती. ज्या बाईला पायऱ्या उतरवत नाहीत, ती चिखलातून कंबरभर पाण्यात कशी येणार? शब्द तर दिलेला.

रखमी नागली निंदत होती, मान वर न करता म्हणाली, “बांबू रोवून पाण्यात माळा बांध. माळ्यावरून बसंल ती.”

आता माळा म्हणजे काय, तर शेतात डुकरं हाकायला आपण बांधतो तो. चार मेढी, वर बांबू, अर्ध्या दिवसाचं काम. आमच्याकडे शेंबडं पोरही माळा बांधतं. म्हणूनच मला तो उपाय पटला नाही. समुद्रातली बोट आणि तिला डुकरं हाकायचा माळा? मी रखमीला म्हटलं की तुला बोटीतलं काय कळतं. ती म्हणाली, मला नाय कळत, आणि पुढच्या वाफ्यात गेली.

मी गेलो सखाकडे. सखा माझा चुलतभाऊ, सुतार. घराचे खांब, दाराच्या चौकटी, नांगर, सगळं करतो. त्यानं कमूभोवती पोहून एक चक्कर मारली, कील चाचपली आणि विचारलं की हे पोटाखाली एवढं कशाला ठेवलंय.

इथं मंडळी, माझी चौदा वर्षं माझ्या आड आली. मी कील कुठं बघितली होती? जमिनीवर. मुंबईच्या त्या आवारात प्रत्येक बोट कीलवर उभी असायची, बाजूला टेकू आणि खाली मी. म्हणून मी अगदी मास्तरासारखं सांगितलं की हा बोटीचा पाय आहे, बोट जमिनीवर उभी राहावी म्हणून लावलेला.

“मग पाण्यात पाय कशाला पाहिजे?” सखा म्हणाला. “आपल्या तराफ्याला कुठं पाय हाय? कधी बुडला?”

मला उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचत नाही तेव्हा समोरच्याचं बरोबर असतं, अशी माझी समजूत होती.

भादव्यात आम्ही कमूला केळीच्या खुंटांवरून ओढून काठावर घेतली, कुशीवर निजवली आणि करवत लावली. तीन दिवस लागले. सखानं फळ्यांच्या खाली दोन बोटं लाकूड राखलं आणि बाकीचं सफाईनं उतरवलं. सुकाणूही तेवढंच आखूड केलं. वरून डांबर, त्यावर माझा लाल रंग. इतकं गुळगुळीत पोट मी आयुष्यात केलं नव्हतं. खालचं शिसं चौघांनाही उचलेना, तर ते मी मोठ्या मनानं पाड्यात वाटून टाकलं. लोकांनी वितळवून जाळ्यांना गोळ्या केल्या. त्या साली आमच्या पाड्यातली जाळी बुडायला एकदम चांगली झाली.

कापलेलं लाकूड मात्र सागाचं, जुनं, मधासारख्या रंगाचं. टाकवेना. सखानं त्याला रंधा मारला, चार पाय लावले आणि पाण्याकडे तोंड करून माझ्या अंगणात बाक मांडला. बाई येतील तेव्हा टेकायला होईल, हा विचार माझाच.

कमू पाण्यात गेली ती तराफ्यासारखी हलकी. गुडघाभर पाण्यात काठाला लागायला लागली. मी ती वल्हवून बघितली; जरा गोल गोल फिरायची, पण जायची. शीड बाईंच्या घरी होतं आणि डोलकाठी माझ्या पडवीला बांधलेली, तेव्हा जास्त काही बघायचं नव्हतंच. मी बाईंना फोन लावला. सगळं सांगणार होतो, पण म्हटलं, येऊन बघू दे, खूश होतील. एवढंच सांगितलं की कमूचं पोट अगदी साफ केलंय.

“शाब्बास,” बाई म्हणाल्या. “पोट साफ असलं की बोट पळते.”

हे मी टपरीवर आठ दिवस सांगत होतो.

दिवाळीत, वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी बाई आल्या. जीपमधून उतरताना दोघांनी धरावं लागलं. एका हातात काठी, दुसऱ्या काखेत शीड, लेकरासारखं गुंडाळलेलं. अंगणातून कमू दिसली आणि त्या थांबल्याच. डोळे पुसले. मला म्हणाल्या, किती छान ठेवलीयस रे. मग बाकावर बसल्या, रखमीनं दिलेला कोरा चहा प्यायल्या, बाकावरून हात फिरवला आणि लाकूड सुंदर आहे म्हणाल्या. कुठलं, असं विचारलं. मी म्हटलं, घरचंच आहे. खोटं काही बोललो नाही.

सखानं आणि मी डोलकाठी उभी केली. बाईंनी अंगणात बसून काठीनं खुणा करत शीड लावून घेतलं, कुठला दोर कुठं ते सगळं सांगितलं. कमू काठाशी जरा डुलत होती. बाईंच्या कपाळावर आठी आली. एवढी का डुलतेय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाई, तुम्हाला बघून. त्यांना हसू आलं. म्हणाल्या, आधी तू एक चक्कर मारून ये, तिला वारा लागू दे, मग मी येते. वारा जोरात आला तर हातातला दोर ढिला सोडायचा, एवढं लक्षात ठेव.

मी कमूत चढलो. सगळा पाडा काठावर. चौदा वर्षं पोटाखाली काढलेला माणूस आज वर बसला होता. सखानं ढकललं, मी दोन वल्ही मारली, छातीभर पाण्यात पोचलो. आणि मागच्या डोंगरावरून वारा उतरला.

दोर ढिला सोडायचा हे मला माहीत होतं. पण बिथरलेल्या बैलाचा कासरा सोडायची सवय या हातांना नाही. मी तो मनगटाला गुंडाळून घट्ट धरला. शीड फुगलं, आणि कमूनं एकदाही विचार केला नाही. सरळ आडवी झाली. मी पलीकडे पाण्यात, शीड माझ्यावर, डोलकाठीचं टोक चिखलात. वर येऊन तोंडातला गाळ थुंकला तेव्हा काठावर कोणी हसतही नव्हतं.

कारण कमूचं पोट काठाकडे झालं होतं. सगळं, पुढून मागपर्यंत, लालबुंद आणि गुळगुळीत. एवढं साफ पोट बाईंनी कधी बघितलं नसेल. मी बोटीला वळसा घालून आलो आणि कंबरभर पाण्यात उभा राहिलो.

बाई बाकावर तशाच बसलेल्या होत्या. ओरडल्या नाहीत. वर्गात विचारतात तसं विचारलं.

“तुळशीदास, कमूची कील कुठे आहे?”

माझ्या तोंडातून पाणी गळत होतं. मी खाली बघून म्हटलं, “बाई, तुम्ही तिच्यावरच बसलाय.”

त्यांनी खाली बघितलं. मघाशी फिरवला होता तिथंच पुन्हा हात ठेवला. मग शिशाचं विचारलं, आणि मी काठावर सुकत घातलेल्या जाळ्यांकडे बोट दाखवलं. मग का, एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं: काठाचा उतार, कंबरभर पाणी, त्यांची काठी, मी दिलेला शब्द. तुमच्या गुडघ्यांसाठी केलं, बाई, म्हणालो आणि मला रडू आलं. पाण्यात उभं असल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही, एवढंच बरं झालं.

बाई उठल्या. रखमी धरायला गेली तर हातानंच नको म्हणाल्या. अंगण उतरायला त्यांना फार वेळ लागला, दर पावलाला तोंड वाकडं होत होतं. काठाशी आल्या, काठी चिखलात रोवली आणि लुगड्यासकट पाण्यात शिरल्या. गुडघाभर, मांडीभर, कंबरभर. आणि मंडळी, ती बाई पाण्यात सरळ चालत होती. हात पसरून, पंधरा वर्षांच्या पोरीसारखी. माझ्या जवळून पुढं गेल्या, छातीभर पाण्यात कमूपाशी पोचल्या आणि तिच्या लाल पोटावर गाल टेकवला.

“वेड्या,” त्या म्हणाल्या, “पाण्यात गुडघे दुखत नाहीत रे. जमिनीवर दुखतात. मला एकदा विचारायचं होतंस.”

त्यानंतर त्यांनी कमूत बसायचं नाव काढलं नाही. संध्याकाळी रखमीचं कोरडं लुगडं नेसून जीपमध्ये बसल्या. शीड माझ्याकडेच ठेवून गेल्या, आता मला कशाला म्हणाल्या. कमूला आम्ही सरळ करून काठावर घेतली आहे. सखा म्हणतो, कील परत लावता येईल. लाकडाचं जमेलही. पण तिला ताठ धरणारं शिसं आता धरणभर पसरलंय, प्रत्येक जाळ्याच्या काठाला थोडं थोडं.

रखमीनं दुसऱ्याच आठवड्यात पाण्यात माळा बांधला. दहा बांबू, अर्धा दिवस, मला विचारलंसुद्धा नाही. बायका त्यावरून पाणी भरतात.

बाक अजून अंगणात आहे. रखमी त्यावर मिरच्या वाळवते, पाहुणे टेकतात, लाकूड सुंदर आहे म्हणतात. मी खाली बसतो.