सरवदे साहेबांचा समुद्र

आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी बायामाणसं हंडे, बादल्या, पातेली, हाताला लागेल ते भरून ठेवतात. आणि समोरच्या घरात सरवदे साहेब आपल्या वाट्याचं पाणी गाळतात, पुन्हा गाळतात, मोजून घेतात आणि त्यात मीठ कालवतात. चांगलं गोडं पाणी हौसेनं खारट करणारा माणूस अख्ख्या धाराशिवात हा एकच.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच. "अहो साहेब, लोकांना प्यायला न्हाय मिळत!"

"माझ्या अंघोळीचं आहे, सिस्टर," साहेब शांतपणे म्हणाले. ते खरंच होतं. मे महिन्यात त्यांच्याजवळ बसलं की लगेच खात्री पटायची.

मी सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स. रिटायर होऊन जमाना झाला, नातीचं लग्न झालं, तरी गल्ली मला सिस्टरच म्हणते. साहेब पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होते. गावोगावच्या विहिरींच्या बाटल्या त्यांच्या टेबलावर यायच्या आणि कुठलं पाणी प्यायचं, कुठलं नाही, ते साहेब लिहून द्यायचे. नोकरी संपली, पण बाटली खिशातून गेली नाही. "आधी नमुना, मग बोला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विहारात बुद्धपौर्णिमेला सगळे खिरीच्या रांगेत, तर साहेब पाण्याच्या पिंपाशी वाकलेले. येडशीला रामलिंगाच्या धबधब्यावर सहल गेली, तिथं बायका फोटो काढत होत्या आणि हे बाटली धरून उभे. मी एकदा सहज म्हटलं, "आज डोळ्यात पाणी येतंय हो सारखं." तर माणसानं खरंच खिशात हात घातला.

त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या जागी काचेची मोठी टाकी आहे. टाकीत समुद्र. दोन नारंगी पट्ट्यापट्ट्याचे मासे आणि खडकांवर बसवलेली जिवंत प्रवाळं. प्रवाळ म्हणजे आपलं पोवळं, मंगळाच्या अंगठीत घालतात ते, एवढंच माझं ज्ञान. साहेबांनी मला समोर बसवून शिकवलं. ते दगड नाही, जनावर आहे. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते शेवाळच त्याला रंग देतं आणि तेच त्याला जेवू घालतं. प्रवाळाला काही सोसेना झालं की ते शेवाळ अंगाबाहेर टाकून देतं आणि मग पांढरं पडतं.

ही टाकी साहेबांच्या लेकीची, मयूरीची. पोरगी रत्नागिरीला माशांचं शिकली आणि तिकडून थेट ऑस्ट्रेलियाला गेली, प्रवाळांवरच काम करायला. आई वारली त्याच्या दुसऱ्या वर्षी. जाताना टाकी बापाच्या गळ्यात घालून गेली. दर रविवारी सकाळी दहाला तिचा व्हिडिओ कॉल येतो. "बाबा, टाकी दाखवा." साहेब मोबाइल काचेकडं वळवतात. "तापमान?" "सव्वीस." "क्षार?" "पस्तीस." बापलेकीचं बोलणं असं. मी एकदा ऐकलं तर मला वाटलं, दवाखान्यात राउंड चाललाय.

गेल्या उन्हाळ्यात मधलं मोठं प्रवाळ पांढरं पडायला लागलं. हिरवट होतं ते, टोकं हातोडीसारखी, पाण्यात सारखी डुलायची. मयूरीनं पहिल्यांदा आणलेलं तेच. साहेबांनी मला हाक मारली.

"सिस्टर, पेशंट बघा."

आता माझी गंमत सांगते. मी तरुणपणी परंड्याला होते तेव्हा स्वतःला डॉक्टरच्या वरची समजायचे. डोक्यावरची टोपी अशी ताठ की मान वळवायची चोरी. पांढरा चेहरा दिसला की लोहाच्या गोळ्या, बाकी काही विचारणं नाही. एका बाईला मी तीन महिने गोळ्या चारल्या. रंग काही पालटेना. चौथ्या महिन्यात बिचारी पावसात भिजत आली आणि माझ्यासमोर तिचा खरा सावळा चेहरा निघाला. दवाखान्यात यायचं म्हणून ती पावडर थापून यायची! मी मात्र तिच्या रक्ताला दोष देत होते.

एवढं होऊनही प्रवाळ पाहून माझ्या तोंडून निघालं, "लोह देऊन बघा."

"आधी नमुना," साहेब म्हणाले.

तपासण्या झाल्या. लाइट जाते म्हणून पाणी तापलं असेल, तर इन्व्हर्टर चालू, तापमान बरोबर. क्षार बरोबर. तपासणीच्या सगळ्या बाटल्यांतले रंग जिथल्या तिथं. साहेब दिवसेंदिवस काचेला नाक लावून बसायला लागले. जेवणाचा डबा यायचा तसाच परत जायचा.

"लेकीला विचारा की!" मी म्हटलं. "घरातच डॉक्टर आहे."

"तिला न्हाय सांगायचं."

"का?"

साहेब माशांकडं बघतच म्हणाले, "सिस्टर, ती फोन टाकीसाठी करते. हे मेलं तर ती कशाला करंल?"

मी त्यांचा न उघडलेला डबा उघडून पुढ्यात ठेवला. 

त्या रविवारपासून साहेब दहा वाजता टाकीवरचा निळा दिवा लावायला लागले. निळ्या उजेडात पांढरं प्रवाळसुद्धा चमकतं. "छान दिसतंय," तिकडून मयूरी म्हणायची. मी बाजूला बसून मनात म्हणायचे, साहेब, हे पेशंटला पावडर लावणं झालं.

शेवटी साहेबांनी शोभेचे मासे विकणाऱ्या पुण्याच्या एका दुकानदाराला फोन लावला. त्यानं एकच विचारलं, "काका, नायट्रेट किती?"

"शून्य!" साहेबांची छाती फुगली.

"म्हणूनच. उपाशी मारताय तुम्ही त्याला. थोडी घाण लागते त्यांना. माशांना जास्त खाऊ घाला, फिल्टरमधली घाण शोषणारी पुडी काढा, उजेड कमी करा. सावकाश करा."

साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू कुणी शिवी दिली. नायट्रेट! ज्याच्यापायी त्यांनी किती विहिरींवर लाल खूण मारली, सरपंचांशी भांडणं घेतली, ते आता हातानं वाढवायचं? "मी न्हाय करणार. इतकं स्वच्छ पाणी जिल्ह्यात कुठं न्हाय," म्हणाले. पंधरा दिवस ही जिद्द चालली. मग एका दुपारी मी गेले तर साहेब चिमटीनं माशांना खाणं टाकत होते, एकेक दाणा, जणू चोरी करतायत.

बारकी प्रवाळं सावरली. मोठं नाही सावरलं. त्याचं मांस चिंध्यांसारखं सुटून पाण्यात तरंगायला लागलं आणि खाली नुसता पांढरा सांगाडा राहिला. साहेबांनी तो काढून पेपरात गुंडाळला. टाकून काही दिला नाही, ओट्यावर ठेवला.

रविवार आला. दहा वाजले. फोन वाजायला लागला आणि साहेब तसेच बसले.

"उचला की, साहेब!"

"उचलून काय दाखवू?"

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. मला राहवेना. मी सरळ उचलला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. पळायला जागा नव्हती. साहेब म्हणाले, "मोठं गेलं गं. माझ्या हातानं गेलं. दाखवायला काय न्हाय आता."

तिकडं मयूरीचा चेहरा.  ती हळूच म्हणाली, "मला ठाऊक होतं, बाबा. निळ्या दिव्यात मला दिसत न्हाय व्हय? रोज हेच करते मी इथं."

"मग बोलली का न्हाईस? वाचलं असतं की."

"मी बोलले असते तर तुम्ही लाजून फोनच घेतला नसता. मग मी कुणाशी बोलायचं?"

साहेबांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला. दोन्ही हातांनी धरला. काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण टाकी सोडून लेकीला काय विचारतात, ते त्यांना आठवेना. 

मी चपला पायात सरकवल्या. दारातून वळून पाहिलं तर दोघंही गप्प होती, आणि फोन कुणीच ठेवत नव्हतं.