जानकूबाबाचं लायसन

कुंडलिक सर स्टाफ मीटिंगला थोडे उशिरा पोचले, आणि तेवढ्यात करिअर मार्गदर्शन कक्ष त्यांच्या गळ्यात पडला. सर शिकवायचे भूगोल. पण मढकडच्या त्या डोंगरातल्या शाळेत रिकामी खोली एकच होती आणि मीटिंगला उशिरा येणारे शिक्षकही एकच. दारावर 'मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी लागली आणि सर गुंडाळलेल्या नकाशांच्या शेजारी बसून, मार्गदर्शन घ्यायला कोण येतंय याची वाट बघू लागले.

वर्षभरात आली एकटी रत्ना. बारावी कला शाखेची, बोलायला शांत पण मनात आलेलं न सोडणारी मुलगी.

"सर, मला मानसशास्त्र शिकायचंय. पुढं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय."

सरांना आनंदही झाला आणि धडकीही भरली. "तुझ्या आजोबांना माहितेय का हे?"

"म्हणून तर तुमच्याकडं आले."

रत्नाचे आजोबा म्हणजे जानकूबाबा, त्या पट्ट्यातला भगत. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाचं पोरगं झोपेत दचकतं, कुणाची म्हैस पान्हा चोरते, सगळी मंडळी त्याच्या ओसरीवर यायची. जानकूबाबा सुपात तांदळाचे दाणे टाकायचा, डोळे मिटायचा आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्याला काय होतंय ते सांगून मोकळा व्हायचा. त्या धंद्याची रीतच तशी होती. भगतानं विचारायचं नसतं, सांगायचं असतं. विचारलं तर लोक म्हणणार, याला दिसत नाही वाटतं.

रत्नाचे आईवडील नारायणगावला मळ्यावर कामाला, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो म्हाताऱ्याचा. सरांनी त्याच्या ओसरीवर किती कोरा चहा प्यायला असेल त्याची गणती नाही, पण एवढ्या चहावर म्हातारा 'न्हाई'वरून 'बगू'वर आला होता. आता निकाल लागला होता. रत्नाला चांगले गुण होते. 'बगू'चं 'जा' झालं की तिचा जुन्नरच्या कॉलेजातला प्रवेश नक्की होता. सरांच्या कक्षाची ही एकुलती एक मुलगी, तिचं काही झालं नाही तर पाटी उतरवून तिथं नकाशेच ठेवलेले बरे, असं सरांना मनापासून वाटत होतं.

गुणपत्रिका वाटायच्या दिवशी मुलं एकत्र सापडणार म्हणून सरांनी त्याच दिवशी व्याख्यान ठेवलं. विषय होता 'मानसिक आरोग्यातलं करिअर', आणि बोलायला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असलेल्या वृषाली मॅडम. त्या मूळच्या घोडेगावच्या, पुण्यात शिकलेल्या आणि दर शनिवारी मंचरच्या एका दवाखान्यात बसणाऱ्या. एवढं सगळं जमून आलं आणि मग मंडपवाला गोकुळ आपली पिकअप घेऊन हजर झाला.

"गोकुळशेठ, वर्गातला कार्यक्रम आहे. एक छोटा स्पीकर बास," सर म्हणाले.

"वर्गातला असंल, पर कर्णं पलीकडच्या वाडीला ऐकू गेलं न्हाईत तर लोक म्हंत्यात, गोकुळच्या मशिनीत दम ऱ्हायला न्हाई. लगीनसराईचं दिस हायेत, राव. माजी बी इज्जत हाये."

सरांनी हात जोडले. गोकुळनं ते परवानगी म्हणून घेतलं आणि शाळेच्या चिंचेवर चार दिशांना तोंडं करून चार कर्णे बांधले.

मॅडम सुरेख बोलल्या. शाळेत समुपदेशक होता येतं, समाजकार्याकडून या क्षेत्रात येता येतं, नर्सिंगकडून येता येतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी डॉक्टर व्हावं लागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पदवी, मग एम.ए., मग रुग्णालयात राहून प्रशिक्षण, आणि शेवटी सरकारी परिषदेकडे नोंदणी. मोहित नावाच्या मुलानं उठून विचारलं, "मॅडम, म्हणजे तुम्हाला समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं?"

"नाही रे बाबा," मॅडम हसल्या. "आम्ही ओळखत नाही. समोरच्याला सगळं सांगून त्याचा होकार घेतो, मग विचारतो आणि ऐकून घेतो. ऐकायलाच शिकावं लागतं." मग त्या जरा गंभीर झाल्या. "आणि एक लक्षात ठेवा. नोंदणी नसताना कुणी मनावर उपचार करत असेल तर ते चूक आहे. आपण रिक्षात बसताना ड्रायव्हरकडे लायसन आहे असं धरून चालतो ना? मग इथं तर मनाचा प्रश्न आहे. सरळ विचारा, तुमची नोंदणी दाखवा!"

गोकुळची मशीन खरोखरच दमदार होती. 'तुमची नोंदणी दाखवा' हे शब्द चार वाड्या ओलांडून डोंगराला आपटून परत आले.

त्या वेळी जानकूबाबाच्या ओसरीवर साळुबाई बसली होती. पुढ्यात सूप, सुपात दाणे, बाबाचे डोळे मिटलेले, आणि मागं पाच-सात माणसं ताटकळत बसलेली. साळुबाई अंगानं किरकोळ, पण शंका आली की ती पोटात ठेवणं तिला कधी जमलं नाही. कर्ण्यातला आवाज विरायच्या आत ती म्हणाली, "जानकूबाबा, दावा की मंग."

"काय दावू?"

"ती बाई म्हंती ते. लायसन."

जानकूबाबानं डोळे उघडले. दाणे सुपातच राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "तसं बरूबर हाये, रिक्षावाल्याकडं बी आसतं," आणि एकेक माणूस धोतर झटकत उठलं. ओसरी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी जानकूबाबा शाळेत आला. सरांच्या खोलीत शिरला, खुर्ची दिली तरी बसला नाही.

"सर, माज्या घरचा च्या पिऊन तुमी माजीच ओसरी उठावली."

"बाबा, मी काही नाही हो केलं. ते कर्णे..."

"कर्ण्याचं न्हाई, बोलणाऱ्याचं चुकलं. आन् त्या बाईच्याच धंद्यात माजी नात घालू व्हय? न्हाई म्हंजे न्हाई. रत्ना कुटं जायाची न्हाई."

वर्षभराचा चहा असा एका वाक्यात वाया गेला. सरांना जेवण गोड लागेना. रत्ना भेटायला आली आणि नुसती नकाशांकडं बघत उभी राहिली. तिचं ते बघत राहणं सरांना म्हाताऱ्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तेवढ्यानं भागलं असतं तर ठीक होतं. पण माणसांची दुखणी काही ओसरीबरोबर बंद होत नाहीत. रागावलेला बाबा दार उघडेना म्हटल्यावर लोक दुसरं दार शोधू लागले, आणि दारावर पाटी असलेली खोली गावात एकच होती.

पहिली साळुबाई आली. "सर, सून माज्याशी बोलत न्हाई. म्हशीनं बी दूद कमी केलंय. दोगींनी एकाच हप्त्यात सुरू केलं बगा."

"मावशी, मी इथं मुलांना कॉलेजची माहिती देतो."

"पाटीवर मार्गदर्शन लिवलंय. म्हशीला न्हाई, असं कुटं लिवलंय?"

"पण माझ्याकडं नोंदणी नाही हो!"

साळुबाईनं सरांकडं खालून वर पाहिलं. "आयो! तुमच्याकडं बी न्हाई? मंग पाटी कशापायी लावली? त्या जानकूबाबानं तरी कंदी पाटी लावली न्हाई."

ही गोष्ट तिनं पाणवठ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत पोचवली. सर विनालायसन मार्गदर्शन करतात, हे आता सगळ्या गावाला माहीत झालं. मधल्या सुट्टीत पोरं सरांना बघून रिक्षाच्या हॉर्नचा आवाज काढू लागली. सरांनी पाटीखाली खडूनं 'फक्त अभ्यासक्रमाचे' असं लिहिलं, तर दुपारी एक बाप दहावी नापास पोराला घेऊन, त्याचं लग्न जमत नाही, त्यावरचा अभ्यासक्रम विचारायला आला.

आठवडा उलटला आणि जानकूबाबा पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी स्वच्छ धोतर, डोक्याला नवी टोपी, खिशात आधार कार्ड आणि दोन फोटो. बरोबर गोकुळ. आपल्या कर्ण्यामुळं म्हाताऱ्याची ओसरी मोडली हे गोकुळच्या मनाला लागलं होतं, त्यामुळे मार्ग काढायचं त्यानंच मनावर घेतलं होतं.

"सर, बाबांचं लायसन काढून टाकू," गोकुळ म्हणाला. "गाड्यांच्या लायसनचं मला म्हाईत हाये, मनाच्या लायसनचं ऑफिस कुटं आसतं तेवडं सांगा."

"अहो, त्याला आधी बारावी लागते. मग कॉलेज."

"मी चवथी," जानकूबाबा पडलेल्या आवाजात म्हणाला.

गोकुळनं डोकं खाजवलं आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "मंग पोरीच्या नावावर काढू की! माजी पिकअप बायकोच्या नावावर हाये, चालवतो मीच."

जानकूबाबानं टोपी मागं सरकवली. "आसं व्हय? मंग जाऊ द्या रत्नाला. उद्याच जाऊ द्या. किती दिस लागत्यात, सर?"

दाराबाहेर रत्ना उभी होती. 'जाऊ द्या' हा शब्द तिनं ऐकला होता आणि तिच्या चेहऱ्यावर तो दिसत होता. सरांनी तिच्याकडं पाहिलं. खरं सांगितलं तर हा होकार हातचा जाणार.

"लागतो थोडा वेळ," ते म्हणाले.

"दिवाळीपत्तुर?"

"त्याच्या जरा पुढं."

सरांच्या मनानं यात काही खोटं नव्हतं. सहा-सात दिवाळ्यांनंतरची दिवाळीसुद्धा दिवाळीच्या जरा पुढंच येते.

संध्याकाळी एका लग्नाच्या हळदीत गोकुळनं गाणी थांबवून कर्ण्यावरून जाहीर केलं, की जानकूबाबाचं लायसन निघालं असून दिवाळीच्या सुमारास हातात पडेल. साळुबाईनं तिथल्या तिथं पहिला नंबर सांगून ठेवला.

सकाळी रत्ना सरांच्या घरी हजर. "सर, तुम्ही बाबांना खोटं सांगितलंत."

"खोटं नाही गं. जरा अपुरं सांगितलं. एकदा प्रवेश होऊ दे, मग बघू."

"मॅडम काय म्हणाल्या? समोरच्याला सगळं सांगायचं आणि मग त्याचा होकार घ्यायचा. मी घरच्याच माणसाला फसवून हे शिकायला जाऊ?"

सर ओशाळले. त्यांना पायात चपला घालाव्याच लागल्या.

जानकूबाबा ओसरीवर सूप पुसत बसला होता. रत्ना त्याच्यासमोर बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. दिवाळी नाही, बाबा, सहा-सात वर्षं. नोंदणी माझ्या नावाची, ती मलाच वापरता येणार, तुम्हाला नाही. आणि मी तांदूळ बघणार नाही. सर खांबाला धरून उभे होते. आता म्हातारा सूप भिरकावतो की आपल्याला, एवढंच त्यांना कळायचं बाकी होतं.

जानकूबाबानं सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

"मंग आसलं शिकून तू करणार काय?"

"माणसांचं ऐकून घेणार."

"कुनाचं?"

"आत्ता येत असतं तर पहिलं तुमचं ऐकलं असतं," रत्ना म्हणाली. "आजी गेल्यापासून तुम्ही झोपत नाही, बाबा. मला माहितेय. चूल विझल्यावर तिच्याशी बोलत बसता."

म्हाताऱ्याच्या बायकोला, बायडाबाईला, जाऊन दोन पावसाळे झाले होते. एवढ्या काळात जानकूबाबानं साऱ्या गावाचे दाणे बघितले, पण गावात एकाही माणसानं, सरांनीसुद्धा, चहा पिता पिता कधी विचारलं नव्हतं की बाबा, तुमचं कसं चाललंय. सरांना ते आता आठवलं आणि फार वाईट वाटलं.

"सवताचं दाणं सवताला दिसत न्हाईत," जानकूबाबा हळूच म्हणाला. "आन् भगतानं जायाचं तरी कुनाकडं? लोक म्हंत्याल, ह्यालाच लागलंय." मग त्यानं सरांकडं मान वळवली. "ती कर्ण्यातली बाई. ती भगताला बगती का?"

"बघतात की. कुणालाही बघतात."

"गावात कळाया नगं."

"नाही कळणार," सर म्हणाले, आणि न राहवून पुढं बोलले, "फक्त गोकुळला सांगू नका."

शनिवारी तिघं एसटीनं मंचरला गेले. आदल्या दिवशी रत्नाचा जुन्नरला प्रवेश झाला होता. 'बगू'चं 'जा' कधी झालं ते कुणी मोठ्यानं बोललं नाही, म्हाताऱ्यानं फक्त तिला एक नवी पिशवी आणून दिली होती. दवाखान्याच्या बाकावर जानकूबाबा टोपी मांडीवर घेऊन बसला. नाव पुकारल्यावर तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरून रत्नाला म्हणाला, "तू बी चल. वाचाया लागंल."

"काय वाचायला?"

म्हातारा आत गेला, मागोमाग रत्ना; सर बाकावरच थांबले. वृषाली मॅडमनी उठून नमस्कार केला, खुर्ची पुढं सरकवली. जानकूबाबा बसला नाही.

"बाई, आदी तुमची नोंदणी दावा."

सरांनी बाहेर डोळे मिटून घेतले. मॅडम क्षणभर गडबडल्या, मग हसल्या आणि भिंतीवरची चौकट काढून त्यांनी म्हाताऱ्याच्या हातात दिली. रत्नानं नाव वाचलं, नंबर वाचला, शिक्क्यावरची अक्षरंसुद्धा वाचली. जानकूबाबानं काच धोतरानं पुसली, चौकट लांब धरून एकदा बघितली आणि नातीच्या हातात दिली.

"नीट धर. पुढं आसलीच आनायची हाये," तो म्हणाला. "आता जा भाईर."

रत्ना बाहेर येऊन सरांच्या शेजारी बसली. चौकट तिच्या हातातच राहिली होती. दार पुरतं लागलं नव्हतं. आत जानकूबाबा खुर्चीत बसल्याचा आवाज आला.

"मी कंदी कुनाला इचारलं न्हाई," आतून म्हातारा म्हणाला. "आता तुमी इचारा."

सरांनी उठून दार हलकेच ओढून घेतलं.